तंजावूरचे मोडी दफ्तर

तंजावूरच्या भोसले राजवटीचा (1676–1855) कारभार मोडी लिपीत चाले. त्या दफ्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत; 1981 साली स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठाने निवडक कागदांचा तमिळ अनुवाद छापला. तो झाला हे बरेच, कारण इथली मराठी घरे मराठी बोलतात, पण लिहितात-वाचतात बहुधा तमिळ. शिवाय मूळ मोडी वाचणेही सोपे नाही: मोडीत आधी रेघ ओढतात, मग अक्षरे तिला टांगतात. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत. एकेक नाव सोडवताना डोळे शिणतात. मजकूर तसा रुक्षच: छत्रातले, म्हणजे धर्मशाळेतले अन्नदान, पगार, खर्च. पण अशाच एखाद्या खर्डेघाशीच्या ओळीत घरातल्या बोलण्यात ऐकलेले पूर्वजाचे नाव सापडते, पुढे त्याला मिळालेली रक्कम लिहिलेली असते.