बचावपटूच्या शरीरावर हक्क कोणाचा?

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ज्या संघाच्या ताब्यात असतो त्याला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते, आणि समोर उभ्या असलेल्या अकरा बचावपटूंचे काम त्याला सरकू न देणे हे असते. बचावपटूचे यश त्यामुळे बहुधा न घडलेल्या गोष्टींत साठलेले असते, आणि न घडलेल्या गोष्टींची नोंद ठेवण्याची सोय कोणत्याही खेळाच्या वहीत फारशी नसते. कबड्डीत चढाई करणाऱ्याची पकड झाली की बचाव करणाऱ्या संघाच्या नावावर गुण चढतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र अपवादात्मक प्रसंग सोडले तर उत्तम पकडीनंतरही गुणफलक जागचा हलत नाही. अशा खेळाडूची कारकीर्द कशाने मोजायची, आणि ती मोजण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न ॲलन पेज यांच्या आयुष्याइतका उघडपणे क्वचितच कोणाच्या आयुष्यात समोर आला असेल.

पेज यांचा जन्म 1945 मध्ये ओहायो राज्यातील कँटन या पोलाद गिरण्यांच्या गावी, कृष्णवर्णीय कामगार कुटुंबात झाला. पुढे नॅशनल फुटबॉल लीग म्हणून ओळखली गेलेली संघटना 1920 मध्ये याच गावात स्थापन झाली होती, आणि व्यावसायिक फुटबॉलचे ‘हॉल ऑफ फेम’, म्हणजे श्रेष्ठ खेळाडूंचे स्मारक-संग्रहालय, 1963 मध्ये तेथेच उघडले. शाळकरी वयातील पेज यांनी त्या इमारतीच्या बांधकामावर मजुरी केली होती. नोत्र दाम विद्यापीठाच्या 1966 च्या राष्ट्रीय विजेत्या संघात ते खेळले, 1967 मध्ये त्यांनी राज्यशास्त्राची पदवी घेतली आणि त्याच वर्षी, नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या पहिल्याच फेरीत, मिनेसोटा वायकिंग्ज या संघाने त्यांना घेतले.

त्यांची जागा ‘डिफेन्सिव्ह टॅकल’ची होती. बचावाच्या पहिल्या फळीत बहुधा चौघे उभे असतात. त्यातले कडेचे दोघे ‘एंड’ आणि मधले दोघे ‘टॅकल’. मधल्या दोघांच्या अंगावर प्रतिपक्षाचे सर्वांत वजनदार खेळाडू येतात, आणि चेंडू नेमका कधी हलणार हे त्या प्रतिपक्षालाच ठाऊक असते, त्यामुळे बचावपटू प्रत्येक डावपेचात क्षणभर मागे राहूनच सुरुवात करतो. पेज यांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी हा क्षण जवळजवळ पुसून टाकला होता. त्या जागेसाठी अंगबळाने समोरच्याला रेटणारा, रुंद देहाचा माणूस लागतो अशी तेव्हाची समजूत होती. पेज मात्र चेंडू हलताच दोन खेळाडूंमधल्या फटीतून आत शिरत, आणि आक्रमणाचा सूत्रधार असलेल्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याची उसंत मिळण्याआधीच त्याच्यापर्यंत पोहोचत. कार्ल एलर, जिम मार्शल आणि गॅरी लार्सन यांच्यासह त्यांची जी फळी उभी राहिली तिने 1969 च्या हंगामातील चौदा सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना मिळून 133 गुणच करू दिले, म्हणजे सामन्यामागे दहाही नाहीत.

असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा सर्वांत मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार 1971 मध्ये पेज यांना मिळाला आणि तो मिळवणारे ते पहिले बचावपटू ठरले. दुसऱ्यासाठी, म्हणजे न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलर यांच्यासाठी, 1986 साल उजाडावे लागले. इतके असूनही पेज यांच्या कामगिरीचा गाभा अधिकृत नोंदींत नाही. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्यापूर्वीच जमिनीवर पाडणे याला ‘सॅक’ म्हणतात, आणि बचावफळीतील खेळाडूचे नाव आज याच आकड्याने गाजते. पण लीगने खेळाडूंच्या नावे सॅकची अधिकृत मोजणी 1982 मध्ये सुरू केली आणि पेज यांचा शेवटचा हंगाम 1981 चा होता. जुन्या नोंदी आणि चित्रफिती चाळून अभ्यासकांनी नंतर त्यांच्या नावावर सुमारे 148 सॅक लावले आहेत. हा आकडा फार मोठा आहे, आणि तरीही तो परिशिष्टातच राहतो. वायकिंग्ज संघ त्यांच्या काळात चार वेळा सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि चारही वेळा हरला, त्यामुळे विजेतेपदाच्या मापानेही पेज यांची कारकीर्द रिकामीच दिसते.

मोजमापाचा खरा संघर्ष मात्र मैदानाबाहेरचा होता. संघमालकाच्या दृष्टीने बचावफळीतील खेळाडू म्हणजे करारावर घेतलेले शरीर, आणि त्या शरीराचे वजन, त्याचा दिनक्रम, त्याची बदली हे सारे ठरवण्याचा हक्क मालकाचा, ही त्या काळाची सर्वमान्य धारणा होती. करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघात गेला तर जुन्या संघाला किती भरपाई द्यायची हे लीगचे आयुक्त ठरवत. आयुक्त पीट रोझेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नियमाच्या धास्तीने अशा खेळाडूला घ्यायला कोणी धजत नसे, आणि करार संपूनही खेळाडू बांधलेलाच राही. मिनियापोलिसच्या संघीय न्यायालयाने 1975 च्या अखेरीस हा नियम बेकायदा ठरवला आणि पुढच्या वर्षी वरिष्ठ न्यायालयानेही तो टिकू दिला नाही. पेज त्या वर्षांत खेळाडूंच्या संघटनेत वायकिंग्जचे प्रतिनिधी होते आणि तिच्या कार्यकारी समितीवरही त्यांनी काम केले. उत्तम खेळणाऱ्याने संघटनेच्या भानगडीत पडू नये असे मानणाऱ्या काळात सर्वोच्च मान मिळवलेल्या खेळाडूने ही जबाबदारी घ्यावी, हे त्यांच्या कोणत्याही सॅकहून मोठे धाडस मानले पाहिजे.

खेळत असतानाच, 1975 मध्ये, त्यांनी मिनेसोटा विद्यापीठाच्या विधी विद्यालयात प्रवेश घेतला आणि 1978 मध्ये कायद्याची पदवी मिळवली. याच सुमारास पत्नी डायेन यांच्यासोबत त्यांना लांब पल्ल्याच्या धावण्याची गोडी लागली आणि त्यांचे वजन सुमारे 245 पौंडांवरून 225 पौंडांच्या आसपास उतरले. प्रशिक्षक बड ग्रँट यांच्या मते या वजनाचा माणूस फळीच्या मध्यभागी टिकणार नव्हता. 1978 मध्येच नियम बदलून आक्रमक फळीतील खेळाडूंना हात लांबवून, तळवे उघडे ठेवून अडवण्याची मुभा मिळाली होती आणि हलक्या बचावपटूंचे काम अधिक अवघड झाले होते, हे ग्रँट यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. वायकिंग्जने 1978 च्या हंगामाच्या मध्यावर पेज यांना मुक्त केले. एका संघाने सोडलेल्या खेळाडूला ठरावीक नाममात्र शुल्क भरून दुसरा संघ घेऊ शकत असे. त्या व्यवस्थेनुसार शिकागो बेअर्सने 100 डॉलरमध्ये त्यांना आपल्याकडे आणले. सात वर्षांपूर्वी लीगमधला सर्वांत मोलाचा ठरलेल्या माणसाची ही कागदोपत्री किंमत होती. त्या कमी केलेल्या वजनानिशी पेज आणखी तीन हंगामांहून अधिक काळ खेळले, पंधरा वर्षांत सलग 218 सामन्यांत एकदाही गैरहजर राहिले नाहीत, आणि 1979 मध्ये पूर्ण मॅरेथॉन धावणारे लीगमधले पहिले कार्यरत खेळाडू ठरले. वजनकाट्यावरून काढलेला निष्कर्ष मैदानावर टिकला नाही, असेच म्हणावे लागेल.

असे असले तरी पेज यांचे चरित्र जिद्दीचा धडा म्हणून सांगणे अन्यायाचे होईल. या व्यवसायातील सरासरी कारकीर्द चार वर्षांचीही नसते, आणि शरीर भाड्याने देण्याची किंमत अनेकांना नंतर चुकवावी लागते. शिकागोच्या 1985 च्या विजेत्या संघातील बचावपटू डेव्ह ड्युअर्सन यांनी 2011 मध्ये आपले जीवन संपवले, आणि आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा अशी इच्छा मागे ठेवली. तपासणीत, डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांशी जोडला जाणारा मेंदूच्या ऱ्हासाचा आजार त्यांना झाला होता असे आढळले. ड्युअर्सनही नोत्र दाममध्येच शिकले होते. त्यांच्यापाशी पेज यांच्याहून निश्चय कमी होता असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. एकाच धंद्यातून पेज यांच्या वाट्याला पुढे न्यायाधीशपद येते आणि ड्युअर्सन यांच्या वाट्याला हा अंत, तेव्हा गुणवत्तेइतकाच धंद्याचाही विचार व्हायला हवा.

पेज यांना स्वतःला हे पुरते ठाऊक होते. कँटनच्या ज्या वास्तूवर त्यांनी मजुरी केली तिथेच 1988 मध्ये त्यांचा सन्मान झाला, तेव्हा परिचय करून देण्यासाठी त्यांनी एखादा प्रशिक्षक किंवा सहखेळाडू न निवडता मिनियापोलिसमधील एका शाळेच्या मुख्याध्यापिका विलरीन बीझली यांना बोलावले, आणि भाषणात आपल्या विक्रमांऐवजी शिक्षणाचा विषय मांडला. डावपेचांची पुस्तिका धड वाचता न येणारे सहकारी त्यांनी व्यावसायिक संघात पाहिले होते. हे तरुण महाविद्यालयांतून आलेले होते. म्हणजे त्यांच्या अंगबळावर विद्यापीठांची मैदाने भरत राहिली आणि त्यांना वाचता येते की नाही याची फिकीर कोणी केली नाही. या गोष्टीचा राग येणे स्वाभाविक आहे, आणि तो यायलाच हवा.

मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश म्हणून बसण्यासाठीही त्यांना आधी झगडावे लागले. त्या राज्यात न्यायाधीश निवडणुकीने येतात. 1992 मध्ये एका न्यायाधीशाचा कार्यकाळ वाढवून ती निवडणूक टाळण्यात आली तेव्हा पेज न्यायालयात गेले, निकाल त्यांच्या बाजूने लागला, निवडणूक झाली आणि ते जिंकले. त्या न्यायालयात बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश. पुढे तीनदा निवडून येऊन, कायद्याने ठरवलेली सत्तरीची मर्यादा गाठल्यावर, 2015 मध्ये ते निवृत्त झाले. तिथले काम बचावफळीतल्या कामाच्या नेमके उलट होते. प्रत्येक निर्णयाची कारणे लिहून द्यावी लागत, आणि बहुमताशी पटले नाही तर ती असहमतीही शब्दशः दप्तरी राहत असे.

कँटनमधील सन्मानाच्याच वर्षी, 1988 मध्ये, पेज पती-पत्नींनी सुरू केलेली पेज एज्युकेशन फाउंडेशन मिनेसोटातील कृष्णवर्णीय आणि इतर वंचित वर्णसमूहांतील विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देते. तिच्यासोबत एक अट येते: शिष्यवृत्ती घेणाऱ्याने स्वतःचे शिक्षण चालू असतानाच प्राथमिक आणि माध्यमिक शाळेतल्या लहान मुलांसोबत नियमाने बसायचे आणि त्यांचा अभ्यास करून घ्यायचा.