प्रत्यक्षाची फिर्याद

भोरहून निघून रायरेश्वराच्या खिंडीत यावे, कड्याला लावलेल्या लोखंडी शिडीने वर चढावे आणि पठारावरील शिवालयात माथा टेकावा, हा माझा महाशिवरात्रीचा पुष्कळ वर्षांचा नेम आहे. गेल्या साली मात्र शिडीच्या मध्यावरच मांड्या भरून आल्या, पोटऱ्यांत पेटके आले, आणि कठडा धरून दम घेत असता, तीन महिन्यांपासून रोज रात्री घेत असलेल्या कोलेस्टेरॉलच्या गोळीचे स्मरण झाले. देवाच्या वाटेवर चालण्याचे बळ या गोळीने हिरावून घेतले, असा फैसला मी तेथल्या तेथे करून टाकला. तो फैसला न्यायाला धरून होता काय, हा प्रश्न वैद्यकाइतकाच प्रमाणशास्त्राचाही आहे.

आरोप निराधार नव्हता. स्टॅटिन वर्गातील ही औषधे यकृतात कोलेस्टेरॉल घडविणाऱ्या एका विकराला अडवितात; परंतु त्याच मार्गावर पुढे कोएन्झाइम क्यू-10 हे द्रव्यही तयार होते, आणि स्नायूंतील तंतुकणिकांना ऊर्जा निर्माण करण्यास ते लागते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात 37 स्थूल व्यक्तींकडून 12 आठवडे व्यायाम करविला, तेव्हा नुसता व्यायाम करणाऱ्यांचा दमसास सुमारे 10 टक्क्यांनी वाढला, तर सोबत सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांचा जेमतेम दीड टक्क्याने. उलट साक्षही तितकीच वजनदार आहे: त्याच सुमारास 420 निरोगी माणसांवर झालेल्या परीक्षेत, सहा महिने मोठ्या मात्रेत ॲटोर्व्हास्टॅटिन घेऊनही, स्नायूंच्या ताकदीत वा व्यायामाच्या क्षमतेत सरासरीने घट दिसली नाही, स्नायुदुखीची तक्रार मात्र औषध घेणाऱ्यांत दुपटीने आढळली. पुढे 2020 साली, त्रासामुळे औषध सोडलेल्या 60 जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने औषधहीन गोळी आणि काही महिने काहीच न देता पाहिले, तेव्हा खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला त्याच्या सुमारे नव्वद टक्के औषधहीन गोळीवरही झाला.

येथे नैयायिकांचा विवेक उपयोगी पडतो. माझ्या पायांतला थकवा हे प्रत्यक्ष होते. परंतु 'हा थकवा गोळीमुळे' हे अनुमान होते, आणि ते मी प्रत्यक्षाच्या सनदेवर खपवीत होतो. दोरीला सर्प समजून पळणाऱ्याच्या अंगावरचा घाम खराच असतो. खोटा असतो तो सर्प. म्हणून दुखणे सांगणाऱ्याला 'तुझ्या मनाचे खेळ' म्हणून वाटेला लावणे जितके अन्यायाचे, तितकेच त्याच्या जबानीवर गोळीला परस्पर दोषी ठरविणेही अन्यायाचे. क्वचित स्नायूंना खरीखुरी इजा होते. तेव्हा फिर्याद वैद्यापुढे न्यावी, रक्त तपासावे, मात्रा वा औषध बदलावे, पण आपल्याच मनाने गोळी टाकू नये.

याहून कठीण गोष्ट पुढेच आहे. थकवा जाणवतो, औषधाचे फळ मात्र न आलेला हृदयविकाराचा झटका, म्हणजे शुद्ध अभाव. वैशेषिक परंपरेने पुढे अभावालाही पदार्थांच्या यादीत स्थान दिले, याचे मर्म मला त्या शिडीवर उमगले. जे घडले नाही त्याचे आभार मानण्याची सवय आपल्या मनाला नाही. नवस फेडावयाचा तो घडलेल्याचा, न घडलेल्याचा कोणी फेडीत नाही. कठोपनिषदात यम नचिकेताला श्रेय, म्हणजे हिताचे, आणि प्रेय, म्हणजे नुसते आवडीचे, यांचा भेद सांगतो. चढणीचे बळ मी श्रेयात धरीत होतो, कारण ते देवाकडे नेत होते. परंतु न थांबता चढलो या अभिमानाचा अंश त्यात किती होता, हे मी कधी तपासले नव्हते.

वैद्यांनी रक्त तपासून मात्रा कमी केली. यंदा दर दहा पायऱ्यांवर थांबत चढलो. पेटके आले नाहीत. मात्रा उतरल्याने की मन निवळल्याने, याचा फैसला मी केला नाही. गाभाऱ्यात हात जोडले ते मात्र, नित्याप्रमाणे काही मागण्यासाठी नव्हे, तर वर्षभरात जे घडले नाही त्याबद्दल.