पुडी आणायला कोण जातं?

वर्धा तालुक्यातल्या आंजी (मोठी) इथे सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं कस्तुरबा ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आहे. या केंद्राच्या आसपासच्या 23 गावांतल्या पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींची पाहणी तिथल्या डॉक्टरांनी केली आणि ती 2008 साली प्रसिद्ध झाली. मागच्या महिनाभरात कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतल्याचं मुलांपैकी 68.3 टक्क्यांनी आणि मुलींपैकी 12.4 टक्क्यांनी सांगितलं. आकडे धक्का देणारे आहेतच. पण त्यांच्यामागचा एक तपशील मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मुलांची तंबाखू खर्रा आणि गुटख्याच्या पुडीतून येत होती, तर तंबाखू घेणाऱ्या मुलींपैकी बहुतेकींची तपकिरीतून, सकाळी दात घासताना. गाव एकच, वयही एकच, तरी वाटा दोन. मुलगा बापाच्या वाटेनं गेला होता आणि मुलगी आई-आजीच्या.

मुलांना चांगल्या सवयी कशा लावाव्यात, हा प्रश्न आपण बहुधा उपदेशाच्या अंगानं सोडवायला जातो. काय सांगावं, किती रागवावं, बक्षीस द्यावं की धाक दाखवावा, यावरच चर्चा होते. सवय मात्र घरातल्या कामाच्या वाटणीतून लागते. विदर्भातल्या कितीतरी घरांत सात-आठ वर्षांच्या पोराला सांगितलं जाणारं अगदी साधं काम म्हणजे पानठेल्यावरून खर्रा आणणं. ठेलेवाला सुपारीची खांडं, तंबाखू आणि चुना पन्नीत घेऊन घोटतो, रबर लावून पुडी हातात देतो. घोटताना येणारा वास, नेहमीचं प्रमाण, ‘बाबासाठी नेहमीचाच दे’ म्हणताना येणारा मोठेपणा, हे सगळं त्या पोराच्या अंगवळणी पडतं. उरलेल्या सुट्या पैशांत गोड सुपारी मिळते, आणि तीही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तंबाखूविना नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक ठरवली, त्यालाही आता वीस वर्षं उलटून गेली आहेत. तोंड पुरतं न उघडण्याचा आजार मुख्यतः सुपारीमुळेच होतो. ‘तंबाखू वाईट, हात लावायचा नाही’ हे वाक्य आणि ‘जा, एक पुडी घेऊन ये’ हे वाक्य एकाच तोंडून निघालं, तर मुलाच्या लक्षात दुसरंच राहतं.

यावर लगेच म्हटलं जाईल की पोरं बिघडतात ती मित्रांमुळे, आईबापाला कशाला धरता? मित्रांचा रेटा खरा आहे, विशेषतः मुलग्यांच्या बाबतीत, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण दात घासण्याची तपकीर कुणी मैत्रिणींच्या घोळक्यात जाऊन लावत नाही. ती घरातल्याच डबीतली असते, आणि तिला कुणी व्यसन म्हणतही नाही. शिवाय मित्रांच्याही घरांत मोठी माणसं असतातच. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे 24 टक्के प्रौढ चघळायची किंवा लावायची तंबाखू वापरणारे निघाले, तर विडी-सिगारेट ओढणारे चार टक्क्यांच्या आत. मोठ्यांच्या खिशात जे असतं, तेच लहानांच्या टोळीत फिरतं. याच वर्धा-सेवाग्रामात 1937 नंतर नई तालीम ही शिक्षणपद्धती उभी राहिली. तिथे सफाई हा पाठ करून घेण्याचा धडा नव्हता, शिक्षक आणि मुलं मिळून ती रोज करत असत. मुलाला लावायची सवय आधी मोठ्यानं त्याच्या बरोबरीनं करायची, ही समज आपल्याच जिल्ह्यातली आहे.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. उन्हात निंदण-वेचणीला जाणारी बाई, दिवसभर औत धरणारा गडी यांना खर्रा भूक मारायला आणि थकवा विसरायला लागतो. त्यांना सोडा म्हणणं सुखवस्तू माणसाला सोपं आहे. हे मान्य करायलाच हवं. निकोटीनचा विळखा निव्वळ निर्धारानं सुटत नाही, त्याला मदत लागते. म्हणूनच माझं मागणं व्यसनमुक्तीचं नाही, त्याच्या कितीतरी अलीकडचं आहे. खर्रा सुटत नसेल तर स्वतः जाऊन आणावा, मुलाला पाठवू नये. त्याच्यापुढे तो लपवूही नये. ‘मला हे सुटत नाही, त्रास होतो, तुला लागू नये म्हणून तुला आणायला सांगत नाही’ असं सरळ सांगावं. व्यसनी बापाला बोलण्याचा अधिकार नाही, हे मला पटत नाही. या विषयावर सगळ्यांत खरं तोच बोलू शकतो.

आणि कायद्याचं काय? अठराच्या आतल्या मुलाला तंबाखू विकणं आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकणं 2003 च्या कायद्यानं गुन्हा आहे. राज्यात गुटखाबंदी 2012 पासून आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यात मुलाला तंबाखू देणाऱ्यासाठी सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. वर्धा जिल्ह्यात दारूबंदीलाही अनेक दशकं झाली. ठेल्यावरचा माणूस मात्र गावातलाच असतो, ओळखीचा असतो, आणि मुलानं ‘बाबांनी सांगितलंय’ म्हटलं की त्याला विचारायचं काही उरत नाही. ती सबब त्याला आपणच पुरवतो. एका आळीतल्या दहा घरांनी त्याला सांगितलं की आमच्या नावावर कुठल्याच पोराच्या हाती पुडी द्यायची नाही, तर त्यासाठी ना अधिकारी लागतो, ना धाड. तपकिरीच्या डबीच्या जागी साधी दंतमंजनाची डबी ठेवायला तर ठेल्यापर्यंत जायचीही गरज नाही.