दंडातलं बळ

कमरेखालचं अंग लुळं पडलेल्या माणसाची सकाळ पलंगावरून चाकाच्या खुर्चीत येण्यानं सुरू होते. तळवे गादीवर रोवायचे, सगळं अंग दंडांवर तोलायचं आणि मधली वीतभर फट ओलांडायची. खुर्चीत बसल्यावरही सुटका नाही. एकाच जागी दाब पडून जखमा होऊ नयेत म्हणून थोड्या थोड्या वेळानं हातांवर जोर देऊन अंग उचलावं लागतं. खांद्यात ताकद नसली, की प्रत्येक वेळी घरातल्या कुणाला तरी हाक मारणं आलं, आणि त्या हाकेचा संकोच मारणाऱ्यालाच जास्त होतो.

खेळाचा फायदा मला आधी इथं दिसतो. पदकं फार पुढची गोष्ट.

डॉ. लुडविग गुटमन यांनी हे नेमकं हेरलं होतं. नाझींच्या जाचातून निसटून इंग्लंडला आलेले हे ज्यू डॉक्टर. 1944 पासून स्टोक मँडव्हिलच्या इस्पितळात कणा दुखावलेले सैनिक त्यांच्या हाती आले. तोवर अशा रुग्णांची आशाच सोडलेली असे. पाठीवरच्या जखमा नाहीतर लघवीचा संसर्ग बहुतेकांचा जीव घेई. गुटमननी त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायला लावलं आणि पुढं चक्क खेळायला लावलं. खुर्चीत बसून पोलो! तो इतका धसमुसळा निघाला, की बंदच करावा लागला. तिरंदाजी मात्र टिकली. प्रत्यंचा ओढताना पाठीचे आणि खांद्यांचे जे स्नायू ताणले जातात, खुर्चीतल्या माणसाचा तोल त्यांच्यावरच असतो. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशीच, तिथं 16 जणांची तिरंदाजी स्पर्धा झाली. पॅरालिंपिकचं मूळ ते.

आपले मुरलीकांत पेटकर आता सिनेमामुळं घरोघरी पोचलेत. सांगली जिल्ह्यातला हा गडी सैन्यात बॉक्सर होता. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय गेले. पोहणं त्यांच्या वाट्याला आलं ते उपचार म्हणून; जमिनीवर जड झालेलं अंग पाणी उचलून धरतं. 1972 मध्ये हायडेलबर्गला त्यांनी 50 मीटर अंतर 37.33 सेकंदांत कापलं आणि भारताला पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळालं. पद्मश्री मिळायला मात्र 2018 उजाडलं.

असं काही ऐकलं की आपले डोळे पाणावतात, आणि इथंच आपली गफलत होते. अपंग माणूस मैदानात उतरला, की आपण त्याला जिद्दीचा पुतळा करून मोकळे होतो. त्याला नुसती गंमत म्हणून खेळायचं असेल तर? अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडू खुळखुळत येतो. कान टवकारून बसलेला फलंदाज तो झाडून मारतो, चुकला तर चरफडतो, बाद दिल्यावर पंचाशी हुज्जत घालतो. त्याला यात कुणाला प्रेरणा द्यायची नसते. त्याला धावा हव्या असतात.

पण खेळायचं तर आधी मैदानापर्यंत पोचता यायला हवं. खेळाच्या सोयी दिव्यांगांनाही वापरता याव्यात, असं दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा सांगतो. आपल्या गावच्या तलावावर पोहायला जाल, तेव्हा कपडे बदलायच्या खोलीचं दार जरा निरखून पाहा. चाकाची खुर्ची आत जाईल एवढं ते रुंद आहे का?