स्वप्नातले पाप?



मिस्सा संपल्यावर आवारात कुणीतरी हळूच विचारते, "फादर, वाईट स्वप्न पडलं, कन्फेशनला यायला हवं का?" (कन्फेशनमध्ये ऐकलेले आम्ही येथे लिहीत नाही, हे सांगायला नकोच.) समजा, एक मुलगी अंथरुणाला खिळलेल्या आईचे सारे करते आणि सकाळी मुलुंडहून लोकल पकडून कामावर जाते. तिला आईच्या अंत्यविधीचे स्वप्न पडते, आणि स्वप्नात चक्क हलके वाटते. जाग आल्यावर तिला आईकडे बघवत नाही.

इ.स. ४०० च्या सुमारास संत ऑगस्टिन यांनी आपल्या अशुद्ध स्वप्नांबद्दल देवालाच विचारले होते: झोपेत मी मी नसतो का? १३ व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी उत्तर दिले की झोपेत विवेक मोकळा नसतो, म्हणून तेव्हा घडलेले पाप ठरत नाही. सेमिनरीत आम्ही हे शिकलो आणि बरीच वर्षे तेवढेच सांगत आलो. उत्तर बरोबर होते, पण विचारणारा मनावरचे ओझे तसेच घेऊन घरी जात असे.

मानसोपचारात बोलणे येथूनच सुरू होते. फ्रॉइड यांचा स्वप्नांवरील ग्रंथ १९०० सालचा. स्वप्नातील एकेका गोष्टीवरून काय आठवते, हे ते स्वप्न पाहणाऱ्यालाच विचारत. मुंबईला ही विद्या नवी नाही. इटलीतील वंशद्वेषी कायद्यांमुळे १९३८ साली एमिलिओ सेर्वादिओ हे मनोविश्लेषक येथे आले होते. प्रत्येक स्वप्नामागे दडलेली इच्छाच असते, हे फ्रॉइडचे म्हणणे आम्हाला पटत नाही. पण त्यांची विचारण्याची रीत घेण्यासारखी आहे. साप दिसला की धनलाभ, असे सांगणाऱ्या पुस्तिकांपेक्षा ती कितीतरी प्रामाणिक आहे. अशा शकुनांपासून तर पवित्र शास्त्रही सावध करते.

त्या मुलीला विचारले, "हलकं वाटलं तेव्हा काय आठवलं?" तर ती कदाचित म्हणेल, "झोप. सलग सहा तास." किंवा म्हणेल, आईचा खरोखर राग येतो. तेही ऐकून घ्यायला हवे. रागाचे काय करायचे, ही जबाबदारी जागेपणी सुरू होते, आणि ती एकटीने पेलण्यासारखी नसते.

आपल्या धर्मग्रामात असे घर असेल तर आम्हाला सांगा. एखादी रात्र आजाऱ्याजवळ बसू शकणाऱ्यांनीही आज मिस्सानंतर भेटावे.