हिरवळीचे ऋण

इंग्लंडच्या ग्रामीण भागातला पार्कलँड गोल्फ कोर्स पाहणाऱ्याला ही देवाची करणी वाटते. संथ उतारांवरची हिरवळ, एकेकटे उभे असलेले ओक, खाली चमकणारे तळे. हात जोडावेत असे वाटणे खोटे नाही, पण तो नमस्कार पोहोचतो कुणाला? हर्टफर्डशरमधले मूर पार्क घ्या. १८व्या शतकाच्या मध्यास उद्यानरचनाकार लॅन्सलॉट ब्राऊन याने दर्यासारंग लॉर्ड अ‍ॅन्सनसाठी ती जमीन घडवली. १९२३ मध्ये हॅरी कोल्टने तिथे गोल्फची मैदाने आखली आणि जुना वाडा क्लबहाऊस झाला. केलेले केल्यासारखे दिसू नये, हीच ब्राऊनची हातोटी. ओढे अडवून तळी करायची, झाडांचे पुंजके सहज उगवल्यासारखे लावायचे. गुरामेंढरांना अडवणारी भिंतसुद्धा चरात उतरवायची, म्हणजे वाड्याच्या खिडकीतून कुरण अखंड दिसते. या लपलेल्या कुंपणाला ‘हा-हा’ म्हणतात.

न दिसणारे कुंपणही अडवतेच. त्याच काळात पार्लमेंटने एकामागून एक कायदे करून गावोगावची सामाईक राने आणि शेते खाजगी मालकीत बंदिस्त केली. जिथे गरिबाची गाय चरत होती, जिथून चुलीला सरपण येत होते, तिथला त्याचा हक्क संपला. डॉर्सेटमध्ये लॉर्ड मिल्टनने वाड्यासमोरचे अख्खे गाव उठवून नजरेआड वसवले. प्रत्येक पार्कसाठी गाव उठले असे मात्र नव्हे. पुष्कळ पार्क जुन्या शिकारीच्या रानांतून आले. तरीही जमीन मुळात कुणाची, हा प्रश्न सुटत नाही. सरेमधल्या सेंट जॉर्जेस हिलवर एप्रिल १६४९ मध्ये जेरार्ड विन्स्टन्ली आणि त्याचे सोबती यांनी पडीक सामाईक जमीन खणून गाजरे आणि घेवडा पेरला. पृथ्वी ईश्वराने सर्वांची सामाईक ठेव म्हणून निर्मिली, ही त्यांची श्रद्धा. काही महिन्यांतच त्यांना हुसकावले गेले. त्या टेकडीवर आज खाजगी वसाहत आहे आणि कोल्टनेच आखलेला गोल्फ कोर्स. तो पार्कलँड नव्हे, झुडपी माळावरचा आहे. प्रश्न मात्र तोच.

यावर कुणी म्हणेल, शतकांपूर्वीच्या अन्यायाचा जाब आजच्या पाहुण्याला का विचारता? आक्षेप रास्त आहे, पण त्यात पाप आणि ऋण यांची गल्लत होते. पाप करणाऱ्याचे, ते वारसाच्या माथी मारणे अन्यायच. ऋण मात्र भोगणाऱ्याकडे येते. पूर्वजांच्या विहिरीचे पाणी पिणाऱ्याने ती खणली नसते, तरी तो खणणाऱ्यांचा ऋणी असतोच. दुसरा आक्षेप तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या विचारातून येतो: जो श्रम मिसळतो, जमीन त्याची. या हिरवळीमागे श्रम अफाट आहेत, हे खरेच. पण तळे खणले मजुरांनी, आणि त्यांच्या वाट्याला जमिनीची ढेकळेही आली नाहीत. शिवाय इतरांसाठी पुरेशी आणि तितकीच चांगली जमीन उरावी, ही अट लॉकनेच घातली होती. त्याचाच न्याय लावला तर मालक उघडा पडतो. गोल्फमुळे जुनी झाडे वाचली, नाहीतर तिथे घरे उभी राहिली असती, हा तिसरा मुद्दा मी मनापासून मानतो. त्याने ऋण फिटत नाही, पण ते फेडायला जागा शिल्लक राहते.

फेडायचे कसे? आनंद नाकारून नव्हे. ओकचा त्यात काय दोष? २००० सालच्या कायद्याने इंग्लंडमधले डोंगर, माळ आणि सामाईक राने पायी फिरणाऱ्यांना खुली केली, त्यातून गोल्फ कोर्स वगळले. तरी त्या कायद्याआधीच्या सार्वजनिक पायवाटा अनेक कोर्सांवरून आजही जातात. खेळ सुरू आहे म्हणून त्यांवरचा हक्क संपत नाही. कुत्र्याला घेऊन एखादी म्हातारी फेअरवे ओलांडू लागते, तेव्हा खेळाडू काठी खाली टेकवतो आणि ती पलीकडे पोहोचेपर्यंत थांबतो.