उंचीचें ऋण

पनवेल हें गांव कित्येक शतकें एका सुळक्याच्या नजरेखालीं नांदत आलें आहे. गांवाच्या दक्षिणेस कर्नाळ्याचा किल्ला. समुद्रसपाटीपासून चारशें मीटरांहून अधिक उंच असलेल्या त्या डोंगराच्या माथ्यावर काळ्या कातळाचा सुमारें सव्वाशें फुटांचा सुळका उभ्या अंगठ्यासारखा वर आलेला आहे. घाट उतरून येणाऱ्या वाटसरूस आणि शेतांत वाकलेल्या कुणब्यास आपण कोठें आहों हें सांगण्याचें काम त्यानें पिढ्यान्‌पिढ्या केलें. १८५२ सालीं येथें नगरपालिका स्थापन झाली तेव्हां कौलारू घरें, तळीं, देवळें, मशिदी आणि १८४९ मध्यें बांधलेलें ज्यूंचें प्रार्थनामंदिर असा या गांवाचा संसार होता, आणि त्यांतील कोणत्याहि वास्तूच्या मनांत कर्नाळ्याशीं स्पर्धा करण्याचा विचार आला नसावा. पुढें १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें नवीं उपनगरें वसविलीं, पुण्याचा द्रुतगति महामार्ग झाला, २०१६ च्या १ ऑक्टोबरला पनवेलची महानगरपालिका झाली आणि २०२५ च्या डिसेंबरांत शेजारच्या नव्या विमानतळावरून विमानांची ये-जा सुरू झाली. आज या परिसरांत वीस-वीस, तीस-तीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत, आणि ज्या गच्चीवरून पूर्वीं तो सुळका दिसे तेथून पुष्कळ ठिकाणीं आतां समोरच्या इमारतीच्या मोऱ्यांचे नळ दिसतात.

या बदलाबद्दल हळहळणें सोपें आहे आणि त्याचा अभिमान मिरविणेंहि तितकेंच सोपें आहे. परंतु विचार करण्यासारखा प्रश्न या दोहोंच्या पलीकडचा आहे. मनुष्यास आपल्या जागेवर उंच बांधण्याचा अधिकार आहे हें मान्य केलें, तरी त्या उंचीबरोबर त्याच्याकडे कांहीं कर्तव्य येतें काय? आणि येत असल्यास तें कोणाप्रत?

प्रथम उंच इमारतीच्या बाजूनें जें म्हणतां येईल तें निर्मळ मनानें ऐकून घेतलें पाहिजे. ज्याला वाडवडिलांचा वाडा, परसांतली विहीर आणि ओटीवरचा झोपाळा लाभला आहे त्यानें तीस मजल्यांच्या घरास नांवें ठेवणें हें जेवून उठलेल्यानें उपवासाचें माहात्म्य सांगण्यासारखें आहे. पनवेलजवळच्या कोन येथील उंच इमारतींतील घरें २०१६ च्या सोडतींत मुंबईच्या गिरणीकामगारांस व त्यांच्या वारसांस मिळालीं, आणि सोडत लागल्यावरहि तीं हातीं पडण्यास आणखी वर्षें गेलीं. १९८२ च्या संपानंतर ज्यांच्या गिरण्या बंद पडल्या, चाळींतल्या एका खोलीत ज्यांच्या दोन पिढ्या वाढल्या, त्यांस स्वतःचें दार आणि स्वतःची मोरी मिळाली ती अशा इमारतींमुळेंच. इतकीं कुटुंबें बैठ्या घरांत राहावयाचीं म्हटलीं तर किती भातशेतें आणि किती डोंगरउतार कौलांखालीं जातील याचा हिशेब करून पाहावा. थोड्या भूमीवर पुष्कळांस आसरा देणें ही उंचीची पुण्याई आहे, आणि ती नाकारणारा मनुष्य सौंदर्याच्या नांवाखालीं आपल्या सुखवस्तुपणाचेंच समर्थन करीत असतो.

परंतु उंचीचें सारें कारण जागेच्या टंचाईंत आहे असें मात्र नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपांतील जुन्या शहरांत वरचे मजले गरिबांचे व नोकरचाकरांचे असत, कारण जिने चढण्याचे कष्ट त्यांच्याच वांट्याला यावयाचे. दोर तुटला तरी पाळणा खालीं कोसळूं नये अशी युक्ति एलिशा ओटिस यानें १८५० नंतरच्या दशकांत लोकांसमोर आणली, लोखंडी सांगाड्यानें भिंतींवरचें ओझें उतरविलें, आणि १८८५ सालीं शिकागो शहरांत दहा मजल्यांची ती प्रसिद्ध इमारत उभी राहिली, जिला गगनचुंबी इमारतींची आद्य जननी म्हणण्याचा प्रघात आहे. लिफ्टनें केवळ माणसें वर नेलीं नाहींत. तिनें मजल्यांची प्रतिष्ठाहि उलटी केली. जो मजला पूर्वीं कोणी फुकट घेण्यास नाखूष असे, त्याच्यासाठीं आतां दर मजल्यामागें अधिक पैसा मोजावा लागतो. येथें उंची ही गरज राहिली नाहीं. ती विकावयाची वस्तु झाली.

याचा पुरावा अमेरिकेंतील मध्यम आकाराच्या शहरांत स्पष्ट दिसतो. नेब्रास्का संस्थानांतील ओमाहा हें शहर मिसूरी नदीच्या कांठीं, अफाट माळरानाच्या कडेला वसलेलें आहे. तेथें जागेस तोटा नाहीं. तरीहि २००२ सालीं एका बँकेनें तेथें पंचेचाळीस मजल्यांची, ६३४ फूट उंचीची इमारत पुरी केली. ही उंची भूमीच्या अभावानें आलेली नव्हे. आपलें गांव म्हणजे दोन मोठ्या शहरांमधलें एक स्थानक नाहीं, त्यासहि नांव आहे, हें दुरून येणाऱ्यास सांगण्याची ती इच्छा आहे. ही इच्छा हास्यास्पद समजूं नये. मुंबई आणि पुणें यांच्यामध्यें ज्याचें नांव एस. टी.च्या थांब्यापुरतें घेतलें जाई, त्या पनवेलकरास तिचें मर्म सहज कळेल. पण जो मान केवळ मापावर उभा राहतो तो दुसऱ्याच्या मापानें जातो. शिकागोची ती आद्य इमारत १९३१ मध्यें पाडली गेली, आणि त्याच वर्षीं न्यूयॉर्क येथें १०२ मजल्यांची एम्पायर स्टेट इमारत पुरी झाली. ‘सर्वांत उंच’ हें बिरुद कोणाच्याहि मालकीचें नसतें. तें थोड्या मुदतीनें भाड्यानें मिळतें.

मग उंचीला टिकाऊ मान कशानें येतो? मला वाटतें, उंचीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचा भेद मापांत नसून हेतूंत आहे. देवळाच्या कळसांत कोणी राहत नाहीं. तो खालच्या मनुष्यानें पाहावा म्हणून वर नेलेला असतो. वाटेवरून जाणारा, देवळांत पाऊल न टाकणारासुद्धां, त्याच्याकडे पाहून हात जोडूं शकतो. मुंबईचा राजाबाई मनोरा १८७८ सालीं पुरा झाला. प्रेमचंद रायचंद यांनीं आपल्या मातेचें नांव देऊन त्यासाठीं द्रव्य दिलें, आणि त्याची २८० फुटांची उंची कोणा एकाच्या खिडकीसाठीं नव्हती; घड्याळ विकत घेण्याची ऐपत नसलेल्या हजारों लोकांस वेळ कळावी हें तिचें काम होतें. ही पहिल्या प्रकारची उंची. ती वर असते, पण तिचें फळ खालीं पडतें.

दुसऱ्या प्रकारची उंची वरच्याच्या डोळ्यांसाठीं असते. तीहि सदोष असतेच असें नाहीं. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ सालीं वास्तुशांत होऊन राहता झाला आणि १८२८ मध्यें आगींत जळाला. त्याच्या सर्वांत वरच्या मजल्यावरून आळंदीच्या देवळाचा कळस दिसे असें सांगतात. ही गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, ती सांगणाऱ्या लोकांच्या मनांत उंचीविषयीं कोणती कल्पना होती हें तिच्यावरून उत्तम कळतें. सत्ताधाऱ्यानें उंच चढावें तें आपल्याहून थोर असें कांहीं नजरेस पडावें म्हणून. चढण्याची किंमत त्या दर्शनानें फिटते. आजच्या इमारतीचा वरचा मजला विकतांनाहि खिडकींतून दिसणाऱ्या डोंगराचें वर्णन केलेलें असतें. परंतु तो डोंगर मागच्या ओळींतल्या शंभर घरांच्या खिडक्यांतून काढून घेऊन एका खिडकींत बसविलेला असतो, आणि उद्यां पुढच्या भूखंडावर दुसरी इमारत चढली म्हणजे तेथूनहि तो जातो. प्रत्येकजण दृश्य विकत घेतो, आणि सर्वांच्या खरेदीचा परिणाम असा होतो कीं दृश्य कोणासच उरत नाहीं.

येथें कायदा काय म्हणतो तें पाहण्यासारखें आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणें एखाद्या घरास खिडकींतून येणारा प्रकाश व वारा वीस वर्षें निर्वेधपणें व अखंड मिळत आला असेल, तर त्यावर त्या घराचा हक्क उत्पन्न होतो. सूर्याचा किरण हाहि वहिवाटीनें मनुष्याचा होतो, ही कल्पना मोठी हृद्य आहे. पण दृश्याविषयीं मात्र कायदा मौन धरतो. इंग्लंडांत १६१० सालीं आल्ड्रेड नांवाच्या गृहस्थाच्या खटल्यांत असें तत्त्व सांगण्यांत आलें कीं, रम्य देखावा ही आनंदाची बाब आहे, गरजेची नव्हे. म्हणून ती हरपल्याबद्दल दाद मागतां येत नाहीं. व्यवहाराच्या दृष्टीनें हा भेद समंजस आहे. प्रत्येक देखाव्यावर हक्क सांगूं दिला तर कोणासहि एक वीट रचतां येणार नाहीं.

परंतु जेथें कायद्याचें बोट सुटतें तेथेंच नीतीचें काम सुरू होतें. कर्नाळा दिसणें हा पनवेलकरांचा केवळ नेत्रसुखाचा भाग आहे काय? त्याच परिसरांतल्या शिरढोण येथें १८४५ सालीं वासुदेव बळवंत फडके जन्मले, आणि त्यांचे आजोबा त्या गडाचे किल्लेदार होते. ज्या मुलास गड रोज दिसतो त्यास ही गोष्ट कोणी मुद्दाम शिकवावी लागत नाहीं. तो बोट दाखवून विचारतो आणि आजोबा सांगतात. गड दृष्टीआड झाला म्हणजे प्रश्नच विचारला जात नाहीं. अशा रीतीनें जें हरपतें तें कोणा एकाचें नसल्यामुळें त्याची फिर्याद करणारा कोणी नसतो; सर्वांचें नुकसान हें पुष्कळदां कोणाचेंच नुकसान ठरत नाहीं.

फिलाडेल्फिया शहरानें या अडचणींतून एक मार्ग काढला होता. तेथील नगरभवनाच्या शिखरावर त्या शहराचा संस्थापक विल्यम पेन याचा पुतळा आहे, आणि जमिनीपासून त्याच्या टोपीपर्यंतची उंची ५४८ फूट भरते. पेनच्या टोपीहून उंच कोणी बांधूं नये असा कायदा नव्हता. तो केवळ सभ्य माणसांचा अलिखित संकेत होता, आणि कित्येक दशकें तो पाळला गेला. १९८७ सालीं ९४५ फुटांची एक इमारत उभी राहिली आणि तो मोडला. त्यानंतर इतर इमारतीहि त्याच्यावर गेल्या. संकेत पाळण्यास सर्वांचा संयम लागतो, मोडण्यास एकाची इच्छा पुरते. ग्रामदेवतेच्या कळसाहून आपलें घर उंच करूं नये अशी भीड आपल्याकडेहि होती. तिच्यांत भाबडेपणाचा अंश असेलहि, पण ‘माझ्या ऐपतीपेक्षां माझी मर्यादा निराळी आहे’ हें ज्ञानहि तिच्यांत होतें.

आज पनवेलच्या आकाशास एक मर्यादा लागली आहे, आणि ती विमानतळाची आहे. विमानतळाच्या आसपास इमारत किती उंच असावी याची मर्यादा समुद्रसपाटीपासून मोजून ठरवितात. म्हणून उंचवट्यावर बांधणाऱ्यास मजले कमी मिळतात. त्याच विमानतळासाठीं उलवें येथील टेकडी सुरुंग लावून सपाट करण्यांत आली, नदीचा प्रवाह वळविण्यांत आला आणि दहा गांवांस आपलीं घरें सोडावीं लागलीं. हें आवश्यक होतें कीं नव्हतें हा वाद येथें करावयाचा नाहीं. लक्षांत घेण्यासारखें एवढेंच कीं, जो अधिक उंचावरून जातो त्याच्या सुरक्षिततेसाठीं डोंगरानेंसुद्धां मान खालीं घालावी हें आम्हांस तत्काळ पटतें. पण जो खालीं राहतो त्याच्या उजेडासाठीं बांधणाऱ्यानें दोन मजले कमी करावे असें कोणी म्हटलें तर तो प्रगतीचा शत्रु ठरतो. इमारत जितकी उंच तितकें सामासिक अंतर अधिक, असा नियम आहे खरा. परंतु नियमानें सुटलेल्या अंतरांतून उजेड येतो, आपुलकी येत नाहीं.

म्हणून उंचीकडे ऋण या नात्यानें पाहावें असें मला वाटतें. जो उंच बांधतो तो खालच्यांच्या आकाशाचा कांहीं भाग उसना घेतो. हें ऋण घेण्यांत पाप नाहीं. तें बुडविण्यांत आहे. आणि तें फेडण्याचे मार्ग अद्भुत नाहींत. आवारांत पडणारा पाऊस शेजाऱ्याच्या अंगणांत न लोटतां तेथेंच जिरविणें हा एक. २००५ च्या २६ जुलैला गाढी नदीनें ज्या गांवास वेढलें त्यास त्याचें मोल सांगावयास नको. रस्त्याच्या बाजूस भिंत न घालतां सावलीचीं झाडें व बसावयास कट्टा ठेवणें हा दुसरा. दोन इमारतींमधून गांवाची एखादी तरी दृष्टिरेषा मोकळी सोडणें हा तिसरा. यास पैसा थोडा लागतो, मन मोठें लागतें. आणि जो बांधीत नाहीं, नुसता राहतो, त्याच्याहि वांट्याला या ऋणाचा भाग येतो. विसाव्या मजल्यावरून माणसें मुंग्यांएवढीं दिसतात. हा डोळ्यांचा धर्म आहे, त्यास इलाज नाहीं. पण ज्या पाणक्याच्या, भाजीवालीच्या आणि रखवालदाराच्या पायांवर तो मजला रोज चालतो, तीं माणसें मनालाहि लहानच दिसूं लागलीं तर तो दोष उंचीचा नव्हे.

गांवांत सर्वांत उंच इमारत कोणती, हा प्रश्न मुलें विचारतीलच, आणि त्यांस आंकडा सांगावा. मात्र आंकडा सांगून झाल्यावर तिच्या सावलींत कोण बसतें हेंहि त्यांस दाखवावें.